कोरड्या ओढ्यातली फरफट

हार्लन प्रूइट पडद्यावर किती वेळा मेला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. फासावर गेला, पोटात सुरे घेतले, पाठीत गोळ्या झेलल्या, एकदा तर उधळलेल्या गुरांखाली तुडवला गेला. टीव्हीवर घोडे आणि बंदुकांची चलती होती तेव्हा तो आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या मालिकेत मरायचाच. सोमवारी पाद्री, गुरुवारी घोडेचोर. नाव कुणाला ठाऊक नसायचं, चेहरा मात्र घरोघरी ओळखीचा. आणि प्रत्येक मरण निराळं. सावकार झाला की पडताना खिशातलं घड्याळ घट्ट धरायचा. दारुडा डॉक्टर झाला की आधी बाटली नीट उभी ठेवायचा आणि मग कोसळायचा. मेला तो कोण होता हे पडण्यावरून कळलं पाहिजे, असं तो म्हणे. खरा मेला तो मात्र सत्तराव्या वर्षी, झोपेत, आणि तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

त्याच्या आठवणीसाठी शनिवारी दुपारी चॅट्सवर्थला, त्याच्या घरामागच्या घोड्यांच्या आवारात, साठेक माणसं जमली होती. कोळशावर डुकराच्या बरगड्या भाजत होत्या, टेबलावर बीन्स आणि बटाट्याचं सॅलड होतं, बर्फाच्या टपात बियर होती. आलेल्यांपैकी निम्मे जुने स्टंटमन. एकाचंही नाक सरळ नव्हतं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. हार्लनची आठवण म्हणून जो तो लंगडून दाखवत होता. शेवटची वीस वर्षं हार्लनने लंगड्या खानसाम्याचीच कामं केली होती आणि ती खुरडत चाल लोकांनी डोक्यावर घेतली होती. म्हाताऱ्याने काय चाल शोधून काढली होती, असं म्हणत एक तरुण पोरगा ताट हातात धरून आवारभर लंगडला. लोक हसून हसून लाल झाले.

व्हर्जिल स्टोकली तेवढा हसला नाही. व्हर्जिल म्हणजे अकरा वर्षं हार्लनचा डुप्लिकेट. हार्लन बोलायचा, व्हर्जिल पडायचा. आता एकसष्ट वर्षांचा होता, आणि या आवारात त्याचा मान हार्लनच्या फोटोपेक्षा काकणभर जास्तच होता. कारण सगळ्यांना पाठ असलेली ती फरफट. बासष्ट साली ऑगस्टमध्ये न्यूहॉलच्या पलीकडच्या कोरड्या ओढ्यातून घोड्याने व्हर्जिल स्टोकलीला दोनशे यार्ड फरफटत नेलं, तेही सुटकेच्या खिट्टीशिवाय. फरफटीत घोट्याचा पट्टा खोगिराला दोरीने जोडलेला असतो, आणि हातातली दोरी ओढली की खिट्टी निघून माणूस सुटतो. व्हर्जिलने खिट्टी वापरलीच नाही, दगडांतून गेला आणि वर उठून चालत आला. ते चित्रण पोरांना धडा म्हणून दाखवत. नवी पोरं येऊन त्याचा हात हातात घेत आणि सोडायला विसरत.

त्याचा मुलगा मेरिट शेजारीच उभा होता. तेहतीस वर्षांचा, बापाच्याच धंद्यातला, आणि जन्मभर बापाच्या नावाखाली दबलेला. सोमवारी त्याच ओढ्यात त्याचं काम होतं. टीव्हीसाठी एक नवा सिनेमा निघत होता आणि मेरिटने दिग्दर्शकाला सांगून टाकलं होतं, फरफट मी करणार, बापाने केली तशी, खिट्टीशिवाय. आठवडाभर व्हर्जिल त्याच्या मागे लागला होता. आधी ओरडला, मग हातापाया पडला, मग त्याच्या नकळत दिग्दर्शकाला जाऊन भेटला. दिग्दर्शकाने हसून सांगितलं की तुमचा मुलगा जाणता आहे, सही करून बसलाय. आणि मेरिटचं एकच उत्तर होतं.

"तुम्ही केलंत ना, डॅड? मग मी का नाही?"

यावर व्हर्जिलकडे एकच उत्तर होतं, आणि ते गिळूनच तो सव्वीस वर्षं जगला होता.

झालं होतं असं. त्या फरफटीच्या दोन आठवडे आधी लोनी बक्स्टर नावाचा व्हर्जिलचा जिवलग दोस्त फरफटीतच गेला होता. खिट्टी अडकली आणि घोड्याने त्याला कुंपणाच्या खांबांवरून ठेचत नेलं. व्हर्जिल पहिला पोचला. लोनीच्या डोक्याची मागची बाजू जागेवर नव्हती. एक डोळा उघडा होता आणि तोंडात वाळू भरली होती. व्हर्जिलने स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि ती टोपी हळूहळू ओली होत गेलेली पाहिली.

त्यानंतर ओढ्यातल्या फरफटीचा दिवस आला. दोघांच्याही अंगावर तोच राखाडी कोट, तीच चिकटवलेली दाढी, कपाळावर ओढलेली तीच टोपी. मालिकेच्या त्या भागात हार्लन दारुडा डॉक्टर होता. वळणाआडच्या गाडीमागे व्हर्जिल घोट्याला पट्टा बांधायला बसला आणि त्याला बकल लावता येईना. हात थडथड उडत होते. तो दोनदा ओकला. घाबरलो असं म्हणण्याची सोय त्यांच्या धंद्यात नव्हती. म्हटलं की संध्याकाळपर्यंत गावभर होणार आणि पुन्हा कुणी कामाला बोलावणार नाही. घरी मेरिट सात वर्षांचा होता.

हार्लनने ते पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा नट गुडघ्यावर बसला, व्हर्जिलच्या पायातला पट्टा सोडवून त्याने स्वतःच्या पायात चढवला.

"बस इथेच," तो म्हणाला. "मला मरायची सवय आहे."

व्हर्जिलने एक हाक मारली असती तरी सगळं थांबलं असतं. त्याने मारली नाही.

बंदूक उडाली, घोडा उसळला. साठ यार्डांवर दोरी ओढायची होती. हार्लनने ओढली, पण खिट्टीत वाळू गेली होती. तो ओढतच राहिला आणि घोडा सरळ दगडांत शिरला. हार्लनचं अंग एका धोंड्यावरून उडालं आणि दुसऱ्यावर आपटलं. खांद्यावरचा कोट फाटला, मग सदरा, मग कातडी. व्हर्जिल काठावरच्या खडकांआडून वेड्यासारखा धावत होता, पडत होता, उठत होता. मोठ्या शिळेवर कंबर आदळली तेव्हा हाड तुटल्याचा आवाज त्याला वीस पावलांवरून स्वच्छ ऐकू आला. दोनशे यार्डांवर पट्टा फाटला आणि हार्लन वाळूत गडगडत जाऊन थांबला.

आता धंद्याची रीत अशी की फरफट संपली की डुप्लिकेट उठतो आणि त्याच जागी नट येऊन झोपतो, जवळून चेहरा घ्यायला. दिग्दर्शक गस हॅन्राटी जीप पळवत आला. त्याने पाहिलं तर हार्लन आपल्या जागी पडलेला, आणि खडकामागून व्हर्जिल धुळीने माखून, गुडघे फुटलेला, हेलपाटत येतोय. गसला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. त्याने व्हर्जिलच्या पाठीत धपाटा घातला, दोनशे यार्ड, बिनखिट्टीचा, लेका तू माणूस आहेस का, असं म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे वळला. हार्लन तयारच आहे, चला, दिवस मावळायच्या आत उरकू.

हार्लनचं कमरेचं हाड फुटलं होतं. तीन बरगड्या गेल्या होत्या, आणि पाय असा वळला होता की बघवत नव्हतं. त्याने व्हर्जिलकडे एकदा पाहिलं. मग कॅमेरा फिरू लागला आणि तो ओरडला. त्या ओरडण्याने सामान वाहणाऱ्या खेचरांनी दावी तोडली. ओरडता ओरडता संवादातलं एकही वाक्य त्याने चुकवलं नाही. गस खूश झाला आणि म्हणाला, छान, आणखी एकदा घेऊ. आणि आणखी एकदा घेतलं. हार्लन दुसऱ्यांदाही ओरडला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि त्यात व्हर्जिलही वाजवत होता, कारण न वाजवणारा तो एकटाच उठून दिसला असता.

नंतर व्हर्जिलने त्याला फरफटतच गाडीच्या पायरीपाशी नेलं. पायरीवरून पडलो, असं हार्लनने सगळ्यांना सांगितलं. भूमिकेसाठी कोटावर ओतलेल्या व्हिस्कीचा वास होताच, तेव्हा शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. कामावर पिऊन पडणारा म्हणून दोन वर्षं त्याला कुणी दारात उभं केलं नाही. परत आला तो लंगडा खानसामा म्हणून. पाद्री गेला, सावकार गेला, घोडेचोर गेला. इस्पितळात व्हर्जिल एकदाच भेटायला गेला तेव्हा हार्लन एवढंच म्हणाला, "तुझं पोर लहान आहे. गप्प राहा." व्हर्जिलने त्याचं ऐकलं. इतकं मनापासून त्याने आयुष्यात कुणाचंच ऐकलं नव्हतं.

आता बोलण्यासाठी व्हर्जिलचं नाव पुकारलं गेलं. शिट्ट्या झाल्या. त्याने माईक हातात घेतला, मेरिटकडे पाहिलं आणि ओढ्यातल्या त्या दिवसाची गोष्ट सांगितली. लोनीची टोपी, उडणारे हात, पट्टा, दुसऱ्यांदा घेतलेलं चित्रण, टाळ्या. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. सुरुवातीला कुणीतरी हसलं. मित्र गेला म्हणून म्हातारा आपलं श्रेय त्याला देतोय, असं त्यांना वाटलं. मग हसू बंद झालं. लंगडून दाखवणाऱ्या पोराने ताट खाली ठेवलं.

हार्लनची बायको आर्डिथ वाढायचा डाव हातात धरून टेबलापाशी उभी होती. ती चालत आली आणि व्हर्जिलच्या पुढ्यात थांबली. तिचा आवाज चढला नाही.

"सव्वीस वर्षं मी त्याला बेवडा म्हटलं, व्हर्जिल. घरात एक बाटली ठेवू दिली नाही. त्याचा पाय दुखायला लागला की म्हणायचे, भोग आता. आणि तू दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या टेबलावर जेवायला बसून ते ऐकत होतास."

तिने डावाने त्याच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कडेने, तेव्हा भुवई फुटली. कुणी मध्ये पडलं नाही. व्हर्जिलने हात वर केला नाही. मग ती घरात गेली आणि तिने आतून कडी लावली.

मेरिट फाटकाकडे निघाला होता. डोळ्यात उतरणारं रक्त पुसत व्हर्जिल त्याच्या मागे धावला. मुलाने तोंड पाहिलं नाही तरी चालेल, थुंकला तरी चालेल. सोमवारी तो घरी बसला म्हणजे झालं, एवढंच त्याच्या मनात होतं. फाटकापाशी त्याने मेरिटचा दंड धरला. मेरिटने वळून ठोसा हाणला, पडद्यावरचा नाही, खरा. व्हर्जिलचे पुढचे दोन दात गेले. तो गुडघ्यावर आला, रक्त थुंकला आणि म्हणाला की ठीक आहे, मार, पण आता सोमवारचं रद्द कर. आता कुणाची बरोबरी करायचीच राहिली नाही.

मेरिटने त्याच्याकडे वरून पाहिलं. लहानपणापासून तो बापाला अहोजाहो करत आला होता.

"रद्द कशाला? तू ते केलंच नाहीस. म्हणजे आपल्या घरात ते अजून कुणी केलेलंच नाही. लोक ज्या नावाला सलाम करतात, त्या नावाने एकदा तरी ते खरं करायला नको? आता तर मी मेलो तरी करणार."

तो गाडीकडे वळला. व्हर्जिलला आपण काय करून बसलो ते कळलं. गप्प राहून पोराला ओढ्यापर्यंत आणलं होतं, आणि तोंड उघडून त्यात ढकललं. आता सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

फाटकाला लोखंडी नळीचा अडसर होता. व्हर्जिलने तो उपसला. चाळीस वर्षं मोडून घेण्यात गेल्यामुळे कुठलं हाड कसं जुळतं हे त्याला डॉक्टरइतकं ठाऊक होतं. गुडघा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कंबर तर नाहीच. गुडघ्याखाली वीतभर सोडून, नडगीवर, नीट मारलं तर बारा आठवडे. त्याने मेरिटला हाक मारली नाही. पहिला फटका हलका पडला, कारण तो बापाचा होता. मेरिट कळवळून गाडीच्या दाराला धडकला, काय झालं ते त्याला कळेना. दुसरा फटका व्हर्जिलने दोन्ही हातांनी, कमरेतून जोर लावून घातला. हाड मोडलं, आणि त्याचं टोक पँटच्या कापडाला आतून टेकलेलं दिसलं. मेरिट मातीत पडून गुरासारखा ओरडू लागला.

लोक धावत आले. दोघांनी व्हर्जिलला मागून आवळलं, एकाने त्याच्या पोटात लाथ घातली. त्याने नळी टाकून दिली आणि अँब्युलन्स बोलवा, म्हणाला. सुटल्याबरोबर तो मुलाच्या उशाशी जाऊन बसला. मेरिटने त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली ओढलं आणि तोंडावर थुंकला.

"बारा आठवडे," व्हर्जिल फुटक्या ओठांनी म्हणाला. "मग उठ आणि माझे दोन्ही मोड. मी कुठे जात नाही."

अँब्युलन्सला यायला अर्धा तास लागला. शुद्ध होती तोवर मेरिट त्याला आईमाईवरून शिव्या घालत होता, आणि व्हर्जिल प्रत्येक शिवीला मान डोलावत होता.