बारा रेघांचा संशय

मित्रांनो, मी एक जुना डायल गेज आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावरही विश्वास नाही. दिसायला मी घड्याळासारखा: गोल तोंड, शंभर रेघा, एक काटा आणि खाली बारीक दांडी. ती दांडी एखाद्या वस्तूला टेकवून वस्तू फिरवली, की तिचा उंचसखलपणा माझा काटा सांगतो. माझी एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. इतकं बारीक बघणाऱ्याला जगात फारसं काही सरळ दिसत नाही. मला बनवणाऱ्या बाईंनीसुद्धा मला सात वेळा तपासल्यावरच डबीत ठेवलं. संशय मी तिथेच शिकलो.

पुढे मी एका गॅरेजमध्ये आलो. तिथले मिस्त्री मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचे. मग एकदा मी टेबलावरून पडलो आणि माझी काच तडकली. "आता याचा काय भरवसा," असं म्हणून त्यांनी मला खालच्या खणात टाकलं. माझ्या जागी आला त्यांचा अंगठा. वस्तू सपाट आहे की नाही, हे ते अंगठा फिरवून ठरवू लागले. तो अंगठा मला कधीच आवडला नाही. काम करकरून त्याची कातडी बुटाच्या तळव्याइतकी जाड झाली होती. त्याला काय डोंबल कळणार?

खणाला फट होती, त्यामुळे मला बाहेरचं सगळं दिसायचं. शाळेची एक व्हॅन दुरुस्तीला यायची. ती एक बाई चालवायच्या. व्हॅन त्यांच्या दिरांची, म्हणून गॅरेजमध्येही सगळे त्यांना वहिनीच म्हणत. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं, ही त्यांची तक्रार. मिस्त्रींनी पुढच्या चाकांच्या डिस्क बदलल्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. व्हॅन छान चालली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा थरथरू लागली. पुन्हा नव्या डिस्क, पुन्हा तीन महिने, पुन्हा तेच रडगाणं.

तिसऱ्या खेपेला दीर स्वतः आले.

"डिस्क नव्या, मिस्त्री अनुभवी, मग राहिलं कोण?" ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता. मुलं बसतात गाडीत. सोमवारपासून मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

वहिनींनी नजर चाकाकडे वळवली. खरं सांगतो, मलाही त्यांचाच संशय आला. नजर वळवणारी माणसं मला नेहमीच खटकतात.

मिस्त्रींनी चाक काढलं, डिस्कवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सपाट तर आहे."

"तुमचा अंगठा तसं म्हणतोय," वहिनी म्हणाल्या. "माझा पाय नाही म्हणत. एकदा मोजून दाखवा, मग खुशाल किल्ली घ्या."

मिस्त्रींनी जरा नाराजीनेच खालचा खण उघडला.

"हा फुटका?" दिरांनी नाक मुरडलं. इतरांवर संशय घेण्यात माझं आयुष्य गेलं, पण स्वतःवर घेतलेला संशय फार झोंबतो. मिस्त्रींनी माझ्या दांडीखाली दहा रेघांच्या जाडीची पत्ती सरकवली. माझा काटा बरोबर दहावर उभा राहिला.

"काच फुटलीय, काटा ठीक आहे," मिस्त्री म्हणाले.

मला घट्ट बसवलं. वहिनींनी डिस्क सावकाश फिरवली. काटा बारा रेघा हलला. पाचच्या वर चालत नाही.

"म्हणजे डिस्क वाकडी," दीर म्हणाले. "दाबून दाबून तापवली असणार."

मिस्त्रींनी खडू उचलला. डिस्कच्या उंच जागेवर त्यांनी खूण केली, डिस्क काढली आणि अर्धा फेरा फिरवून परत बसवली. दोष डिस्कचा असता, तर उंचवटा खुणेबरोबर गेला असता. तो गेला नाही. काटा चढला तो हबच्या आधीच्याच बाजूला. हब म्हणजे डिस्क जिच्यावर बसते ती बैठक; म्हणजे दोष डिस्कच्या खाली होता.

त्यांनी डिस्क उतरवली आणि हबवर अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच लागलं नाही. मग त्यांनी नखाने खरवडलं, तेव्हा गंजाची एक खपली निघून आली. ती त्यांनी मुठीत धरली. मला वाटलं, आता मिस्त्री ती खपली खिशात घालणार आणि दोष वहिनींवर ढकलून मोकळे होणार. दुसरं कुणी पाहिलंही नव्हतं.

त्यांनी मूठ दिरांसमोर उघडली.

"चूक माझी आहे. दोन्ही वेळा मीच नवी डिस्क गंजावर बसवली. ती तिरकी फिरते, दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते, आणि तीन महिन्यांत तिथे पातळ होते. मग पेडल थरथरतं. वहिनींच्या पायाचा यात काही संबंध नाही."

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

दोन्ही चाकांचे हब तारेच्या ब्रशने लख्ख केले, नव्या डिस्क बसवल्या, दोन्हीकडे मला लावून पाहिलं. तीन रेघांच्या वर काटा गेला नाही. वहिनी चक्कर मारून आल्या, पण गाडीतून उतरल्या नाहीत.

"माझाच पाय थरथरतो, असं वाटायला लागलं होतं मला," त्या म्हणाल्या.

दीर खाली बघत म्हणाले, "किल्ली गाडीलाच राहू दे, वहिनी."

आता मी वरच्या खणात असतो. प्रत्येक कामाआधी मिस्त्री पत्ती सरकवून मला तपासतात, आणि मला त्याचा राग येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातली मापं कोरडी ठेवा, आणि एखादं पडलं तर फेकण्याआधी तपासून बघा. माणसांच्या बाबतीतही घाई करू नका. मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखणारा मी, त्या दिवशी वहिनींवर संशय घेतला तो काहीही न मोजता.