काठोकाठ प्याला

सासूबाईंनी किटली अशी कलंडवली की हिरवा चहा प्याल्याच्या काठाशी येऊन थरथरला.

"घ्या, जावईबापू. सगळा प्या."

तुर्सुनबायनं प्याल्याकडे पाहिलं. फरगाण्यात पाहुण्याला तळाशी घोटभरच ओततात, म्हणजे पुन्हा ओतायला आणि बोलायला निमित्त राहतं. काठोकाठ भरला, की समजायचं, प्या आणि उठा. टरबुजांना पाणी देताना मनगटाला कोल्हा चावल्यापासून त्याला घरोघरी काठोकाठच मिळत होता. पिसाळलेला माणूस पाण्याला भितो, म्हणून सगळे त्याचा घसा बघत बसत.

कोल्हा मांजराएवढा होता, हे तो ओरडून सांगे. पण बाजारात पोचेस्तोवर कोल्हा वासराएवढा झाला होता आणि चहाच्या दुकानात त्याला आयाळही फुटली होती.

कोल्हा चावला त्याच सकाळी मुकादम एर्गाशनं जखम साबणानं खसाखसा धुऊन त्याला ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं होतं. आज शेवटची सुई झाली. नर्स म्हणाली, "वेळेत आलास. आता तुला मारायचं तर बायकोलाच मनावर घ्यावं लागेल."

तरी तो पाटाचं पाणी वळवताना वाकून बघायचा, भीती वाटते का ते. वाटायची. पाण्याची, की पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाची, ते मात्र कळायचं नाही.

त्यानं रोटीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि घसा आवळला. डोळे पांढरे झाले, ठसका थांबेना. शेजारी बसलेल्या एर्गाशनं बाजेवरून अंगणात उडीच मारली. बायको भिंतीला चिकटली. सासूबाई तेवढ्या बसून राहिल्या. किटलीचं झाकण मात्र खुळखुळत होतं.

"तीळ," तो कसाबसा म्हणाला. "रोटीवरचा."

"तीळ, तर मग पिऊन दाखव!" एर्गाश अंगणातून ओरडला.

तुर्सुनबायनं प्याला उचलला. पहिला घोट तोंडातच फिरत राहिला. मग उतरला. दुसरा उतरला. शेवटी त्यानं रिकामा प्याला समोर अंथरलेल्या दस्तरखानावर पालथा घातला.

सासूबाईंनी प्याला सुलटा केला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि तळाशी दोन घोट चहा ओतला.

"बसा निवांत," त्या म्हणाल्या. "आणि तू रे एर्गाश, एका बुटात कुठं निघालास?"

तुर्सुनबाय बराच वेळ त्या दोन घोटांकडे बघत राहिला. मग मांडी सैल करून लोडाला टेकला.

"तर तो कोल्हा," तो म्हणाला, "घोड्याएवढा होता."