गोड्या पाण्यावरचं गवत

माझ्या तोंडाला लगाम नाही असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. म्हणून तर नदीच्या कामावर मला मुकादम केलं. समुद्राला मिळण्याआधी आमची नदी जिथे पसरते, तिथे पूर्वी खाजण होतं. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघडं. कुण्या शहाण्याने बांध घालून ते बंद केलं, मग लोकांनी त्यात कचरा टाकला, आणि मग तेच लोक नाक धरून चालायला लागले. आता सगळ्यांनी मिळून कचरा उपसला, बांध फोडला, पाणी पुन्हा आत घेतलं. पण चिखल नुसता उघडा. त्यात गवत लावलं नाही तर प्रत्येक ओहोटी तो थोडाथोडा ओढून नेणार.

म्हणून घरोघरी टब वाटले. खाऱ्या पाण्यातलं गवत त्यात पेरायचं, सकाळी खाडीचं पाणी भरायचं, संध्याकाळी बूच काढून सोडून द्यायचं. भरती-ओहोटीची सवय रोपांना लहानपणीच लागली पाहिजे, असं रोपवाल्या बाईंनी बजावलं होतं. त्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर गुडघाभर चिखलात उभ्या असतात.

आमच्या घरचा टब मी मुद्दाम ह्यांच्या गळ्यात मारला.

आमचे हे न्हावी. उभं आयुष्य सलूनमध्ये गेलं. मग हात थरथरायला लागले, तरी रेटत होते. एक दिवस पोस्टमनच्या कानाला कात्री लागली. पोस्टमन भला माणूस, म्हणाला, दुसरा आहे की अजून. पण हे घरी आले ते पलंगावर पडले, भिंतीकडे तोंड करून. दुकान दुसऱ्याला दिलं. लेक फोनवर मलाच समजवायची, बाबांना आराम करू दे, ओरडू नकोस. आराम म्हणे! अहो, न्हावी असून माणूस दाढी करेना. जेवायला हाक मारली की भूक नाही, फिरायला चला म्हटलं की पाय दुखतात. मी भांडी आपटायचे, पण आतून पार धास्तावले होते. हा माणूस असाच भिंतीकडे बघत बघत एक दिवस संपणार, असं वाटायचं.

टब आला आणि हे उठले. आधी माझ्या कटकटीला कंटाळून उठले, मग रोपांनी माना वर काढल्या तसे आपणहून. सकाळी चहाच्या आधी गच्चीवर. दाढी केली. कापली हनुवटी दोन ठिकाणी, पण केली. आणि रोपं काय वाढली म्हणता! इतरांचं गवत वीतभर, फिकट, राठ. आमचं हातभर उंच, हिरवंगार, तुकतुकीत. लोक जिना चढून बघायला यायचे. पोस्टमन तर म्हणाला, ह्यांना काय पाजता तेवढं सांगा, मीही पितो. हे लाजून हसायचे आणि मी खुशाल मिरवून घ्यायचे.

लावणी जवळ आली तशी घरोघरची रोपं तपासायचं काम माझ्याकडे आलं. आपल्या घरापासूनच सुरुवात करू म्हणून एक रोप उपटलं, पाणी तोंडावर उडालं. ओठ चाटले. गोडं! पुन्हा बोट बुडवून जिभेला लावलं. नळाचं पाणी, वर तांदूळ धुतलेलं. खाडीतून कॅन भरभरून मी आणत होते, आणि हे ते मोरीत ओतत होते.

मी घर डोक्यावर घेतलं. हे पाण्याचा मग हातात धरून तसेच उभे. म्हणाले, "खारं पाणी घातलं की पानं मलूल व्हायची गं. मला बघवेना."

म्हटलं, आणि तिकडे समुद्र ह्यांना सरबत पाजणार आहे का? एका भरतीत मरतील सगळी. तुमच्या लाडांनी मारलंत त्यांना.

 ह्यांनी हातातला मग ठेवला, खाली गेले आणि पलंगावर आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून.  बोलून बसले होते, आता शब्द परत कुठून घेणार?

तशीच रोपवाल्या बाईंकडे गेले. त्यांना आधी हसू आलं, मग माझं तोंड बघून आवरलं. म्हणाल्या, पानं निम्म्याने कापा, नाहीतर पाण्याच्या ओढीने रोपंच उपटून येतील. आणि खारं पाणी रोज थोडं थोडं वाढवा. जगतील ती जगतील.

घरी येऊन मी कात्री ह्यांच्या उशाशी ठेवली. बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"तू काप," हे भिंतीला म्हणाले. "माझा हात बघतेस ना?"

"बघते. पण गवताला कान नसतात."

 ह्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हे हसत होते. उठून बसले, डोळे पुसले, कात्री उचलून गच्चीवर गेले. दोन बोटांत एकेक झुबका धरून, केस धरावा तसा, कापत बसले. थरथरत, वाकडंतिकडं, पण सगळा टब कापला. त्या दिवसापासून मीठ मी नाही, ह्यांनीच वाढवलं. खाडीचं पाणी स्वतः घालायचे. पानं पिवळी पडली. कितीतरी रोपं गेली, तीही ह्यांनीच उपटून काढली, आणि त्या दिवशी धड जेवले नाहीत. मी गप्प बसले. मला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

लावणीला अख्खी गल्ली चिखलात उतरली. हे पोस्टमनच्या शेजारी वाकून रोपं लावत होते, दोघांची माझ्यावरून काहीतरी कुजबुज चालली होती. दुपारी भरती चढायला लागली तसे सगळे काठावर आलो. पाणी रोपांच्या मुळाशी आलं, मग कमरेला, मग शेंडेही दिसेनासे झाले. गढूळ पाण्याशिवाय समोर काही नाही. लोक पाय धुऊन आपापल्या घरी निघाले.

"चल, जाऊ," हे म्हणाले.

मला उठवेना. म्हटलं, थांबा जरा, वर येऊ देत. हे मुकाट्याने शेजारी बसले. मी पाण्यावरची नजर काढत नव्हते. ती रोपं गेली असती तर मला दुःख नव्हतं, गवताचं काय, पुन्हा पेरता येतं. पण हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळला तर त्याला परत कसं वळवायचं ते मला सुचत नव्हतं. 

हे बराच वेळ पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"अगं," हे म्हणाले, "ती वाहून गेली ना, तरी मी उद्या उठणार आहे."

मी तिथेच काठावर हुंदके देत रडायला लागले. मागे रेंगाळलेल्या पोस्टमनने वळून बघितलं आणि शहाण्यासारखा पुढे गेला. ह्यांनी आपल्या थरथरत्या हाताने माझे गाल पुसले, सगळा चिखल तोंडाला फासला.

"पुरे आता," हे म्हणाले. "खाडीत खारं पाणी काही कमी नाही."