पोरामागं दहा पैसे

बनूआत्यानं पोरामागं पंधरा पैसे मागितले आन् माझं डोकंच फिरलं. माझी तीन पोरं. म्हंजी रोजचे पंचेचाळीस पैसे, नुसतं लिंबाखाली बसायचे! दिसभर खडी फोडून माझ्या हातात पडायचे दीड-दोन रुपयं, तेबी माप भरलं तर. मी काय पाटलीन हुते का कुठली?

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट हाय ही. काष्टीच्या शिवारात आमची नऊ एकर जमीन, पन त्या साली तिच्यात कुसळबी उगवलं न्हाई. मालक बैलं घेऊन छावनीत जाऊन बसले. मागं मी, तीन लेकरं आन् रस्त्याचं सरकारी काम. बायकांनी खडी फोडायची, संध्याकाळी मुकादम सहादेव ढीग मापायचा. माप कमी भरलं की पैसे कापायचा. पोर काखेत घेऊन हातोडी चालत न्हाई. मंग आमी बायकांनीच ठरवलं, पोरं सांबाळायला एक म्हातारी ठेवायची आन् आपल्याच पगारातनं तिला द्यायचं.

बनूआत्या आमच्याच आळीतली. घरात दुसरं कुनी न्हाई. हाताची बोटं वाकडी झालेली, म्हनून मुकादमानं तिला हजेरीवर घेतली न्हवती. सगळ्यांची मिळून बारा पोरं हुती.

"पोरामागं दहा," म्या ठनकावलं. "आन् आनखी एक. ज्या दिशी पोर रडलं आन् आईला ढिगावरनं उठावं लागलं, त्या दिसाचं त्या पोराचं कायबी मिळायचं न्हाई."

"व्हय व्हय, चांगुना बराबर बोलती," बायका म्हनल्या. मला लई बरं वाटलं.

आत्या म्हनली, "अगं चांगुने, पोरं बारा, हात दोन. पोर हाय, रडनारच की."

"मंग तुला ठेवायची कशाला? दगडं सांबाळायला?"

तिनं बारा पोरांवरनं नजर फिरवली. मंग म्हनली, "बरं बाई. तुमी म्हनाल तसं."

पयल्या आठवड्यात नुसता वैताग. बन्सी पाच वर्साचा, साळू तीनाची, ती खेळायची आपली. पन आसाराम आठ म्हैन्याचा. झोळीतनं त्यानं टाहो फोडला की माझी हातोडी बोटावर पडायची. चार दिस उठून जावं लागलं. पगाराच्या दिशी आत्याचे चाळीस पैसे कापले. समद्याच बायकांनी कापले. तिच्या पदरात काय पडलं आसंल ते मी बघितलंबी न्हाई.

दुसऱ्या आठवड्यात लिंबाखाली आवाजच न्हाई. बारा पोरं, आन् चिडीचूप! बायका म्हनायच्या, आत्याच्या हाताला गुन हाय. मी म्हनायचे, गुन कसला, अट घातली म्हनून ताळ्यावर आली.

तोंडानं म्हनायचे, पन जीव थाऱ्यावर नसायचा. आदी ते रडायचं तवा वैताग यायचा, आता रडंना म्हनून कान तिकडंच. दुपारी चोळी दुधानं भिजायची. जाऊन छातीशी धरलं की दोनदा चोखायचं आन् झोपायचं. म्हनले, उन्हाचा ताव आसंल. परत ढिगावर यायचे. दोन घाव घातले की पुन्हा मान वळवायचे. सहादेव वरडायचा, "ओ बाई, ध्यान कुठं हाय?"

बुधवारी दुपारी ते जागंच झालं न्हाई. हालवलं, तोंडावर पानी मारलं, तळपायाला चापट्या मारल्या. मान आपली लुळी. वठ कोरडे पडलेले. श्वास यायचा, मंग यायचाच न्हाई, मंग परत यायचा.

"आई, आत्या बाळाला काळी गोळी देती," बन्सी म्हनला.

म्या म्हातारीचा दंड धरला. "काय घातलंस माझ्या लेकराला?"

तिनं कंबरंची चंची सोडली. आत कागदाची पुडी. अफू.

"मोहरीएवढीच देती गं. आमच्या टायमाला समद्याच द्यायच्या. आज सकाळपासनं लई किरकिरत हुतं, म्हनून दुसरी दिली."

बायका धावून आल्या. कुनी शिव्या देती, कुनी आपलं पोर हालवून बघती, कुनी म्हनती हानून हाकला हिला. मीच पयला दगड उचलला आसता.

"रडलं तर पैसे न्हाईत म्हनलीस ना तू?" आत्या माझ्याकडं बघून रडाय लागली. "पयल्या हप्त्यात मला किती मिळालं, ठाव हाय का? दोन रुपयं ऐंशी पैसे. बारा पोरांचं."

तिचा दंड माझ्या हातनं सुटला. अट माझीच हुती.

गावातला डाक्टर श्रीगोंद्याला गेल्ता, सांजच्याला येनार हुता. मी आसारामला खांद्यावर टाकलं आन् त्या फुटक्या रस्त्यानं चालाय लागले. तिकडच्या टोकापातूर आन् परत. आत्या माझ्या संगं पळत हुती. त्या वाकड्या बोटांनी त्याचे तळपाय चोळायची, कान वढायची. "झोपू दिऊ नको गं. रडव त्याला. रडव!" सहादेव म्हनला, तुझं आजचं माप गेलं. म्हनलं, जाऊ दी मसनात.

रड रं माझ्या राजा, म्हनत हुते मी. रड एकदा. किती खेपा झाल्या कुनाला ठाव. पाय भाजले तेबी कळलं न्हाई. ऊन कललं तवा खांद्यावर कायतरी वळवळलं आन् बारीक आवाज आला, मंग मोठा. मी तिथंच मातीत बसले.

सांजच्याला डाक्टरनं तपासलं, मला चार शिव्या हासडल्या, म्हनला, वाचलं बरं का.

दुसऱ्या दिशी लिंबाखाली बनूआत्या न्हवती. बायका पोरं काखंला घेऊन नुसत्या हुब्या. हाकला म्हननाऱ्याबी माझ्याच तोंडाकडं बघत हुत्या. दुसरी म्हातारी आनायची कुठनं? मी तिन्ही पोरं घेऊन तिच्या घरी गेले. चूल थंडगार. ती भिंतीला टेकून बसल्याली.

"आत्या, पंधरा दिऊ. रडलं तरी पंधरा. पन ती गोळी नको."

"पुडी कालच चुलीत टाकली गं. पन मला न्हाई जमायचं आता. काल तुझं लेकरू माझ्या हातानं गेलं आसतं."

"माझ्याबी हातानं," म्या म्हनलं. आन् तिच्या उंबऱ्यातच बसून रडले.

बऱ्याच वेळानं ती उठली. लिंबाखाली आल्यावर म्या आसारामला तिच्या मांडीवर ठेवलं. त्यानं लगीच भोकाड पसरलं. म्हातारीनं त्याला गप केलं न्हाई. भ्याली हुती. हात हवेतच धरून बसली, त्याला लावायचंच धाडस हुईना तिला.

म्या तिचे दोन्ही हात धरून त्याच्या पाठीवर ठेवले आन् खडीवर गेले.