बैठ्या ठाण्याचा जिना

मी पोलीस ठाण्याच्या जिन्यावरून पडलो तेव्हा ठाण्याला जिना नव्हता. आमचं ठाणं बैठं आहे, वर पत्रे. त्याचा गिलावा मीच केलाय, त्यामुळे मला कुणी शिकवू नये. जिना दुसऱ्या दिवशी सकाळी आला, कागदावर लिहिल्यानंतर.

हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. ठाण्यात लिखापढी करणाऱ्या हवालदार ढगेताईंचे माझ्यावर उपकार आहेत, ते सांगायला बसलोय.

झालं असं. शाळेच्या बांधकामावरची पाण्याची मोटर चोरीला गेली. तिथला मिस्त्री मी, किल्ली माझ्याकडे, म्हणून फौजदार भोइटेसाहेबांनी मला उचललं. साहेबांनी पट्टा काढला.

"ए उत्रेश्वर, मोटर कुठाय?"

"साहेब, मला ठाऊक असतं तर भिंतीला पाणी मारत बसलो असतो की."

माझ्या जिभेला हाड नाही. मनगटाला होतं, ते मोडलं. उजवं. दुपारी मोटर ठेकेदाराच्याच गोदामात सापडली आणि मला सोडलं. डायरीत नोंद झाली, 'सदर इसम जिन्यावरून पडून जखमी.' साहेब बोलत गेले, ढगेताई लिहीत गेल्या. साहेबांचं आधीचं ठाणं दुमजली होतं. तिथली सवय, वाक्य तोंडात बसलेलं.

त्या नोंदीची एक पायरी आली. दवाखान्याला पाठवलेल्या पत्राची दुसरी. मग माझ्या बायकोने, वच्छलाने, जिल्ह्याला अर्ज केला, तेव्हा उत्तराच्या नकला निघाल्या आणि नकलेगणिक पायरी वाढली. आठवड्यात जिना छताला टेकला. पत्रे आपण होऊन बाजूला सरकले. मी जाऊन बघून आलो. सात इंच उंच, दहा इंच रुंद, एकही पायरी वाकडी नाही. खोटं कशाला बोलू, काम चोख होतं.

जिन्याने आधी ठाण्यातलं बाकडं गिळलं, मग पाण्याचा माठ. मग तो आमच्या घराकडे वळला. शेजारचे अंबादासराव म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही पडलात तेव्हा मी तिथंच होतो." ते तेव्हा लेकीकडे परभणीला होते.

वच्छला रोज माझ्या पाठीला हळद-तेल लावायची. बुधवारी तिचा हात थांबला.

"अहो, हे वळ परवापर्यंत आडवेतिडवे होते."

"मग?"

"आता सरळ झालेत. एकाखाली एक." तिने माझाच टेप आणून लावला. "सात-सात इंचावर आहेत हो."

ती पदर तोंडाला लावून रडली. मला तर पाय निसटल्याचं आठवायलाही लागलं होतं. तेव्हा मी खरा घाबरलो. मार माझा होता, मी तो खाल्ला होता, आणि आता तोही हे लोक माझ्याकडून काढून नेणार होते.

गुरुवारी जिल्ह्याहून चौकशीचे अधिकारी आले. भोइटेसाहेब जिना चढून सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहिले. "इथून घसरला बघा, सर." माझा जबाब लिहून तयार होता, फक्त सही करायची होती. जबाबाच्या शेवटी नेहमीची ओळ होती, 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' ही ओळ सगळ्यांच्या जबाबात असते. वाचून मात्र कुणी दाखवत नाही.

ढगेताईंनी चष्मा लावला. "वाचून दाखवते."

"राहू द्या हो ढगे," वरून साहेब म्हणाले.

"इथं लिहिलंय, साहेब. लिहिलंय तर वाचायला पाहिजे."

त्या वाचू लागल्या आणि 'जिन्यावरून' या शब्दावर थांबल्या. "दादा, हे तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही ताई."

"मग हे मी लिहिलंय," त्या चौकशीच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "अक्षर माझं आहे. मला सांगितलं गेलं, मी लिहिलं. चुकले."

त्यांनी शब्दावर रेघ मारली. खालची पायरी गेली. त्यांनी कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, "सांगा दादा, सुरुवातीपासून." मी मोटरपासून सुरुवात केली. एकेका वाक्याला एकेक पायरी जात होती, खालून वर. चौकशीचे अधिकारी खुर्ची घेऊन दोन हात मागे सरकले. माझ्या पाठीवर खाज सुटली. वळ आपापल्या जागी परत चालले होते. माझे डोळे भरून आले. सख्ख्या बहिणीने केलं नसतं ते ही बाई करत होती.

"तुमची बदली होईल ताई," मी हळूच म्हणालो.

"होईल. पट्टा कोणत्या हातात होता ते सांगा."

मी सांगितलं. सगळं सांगून झालं तेव्हा साहेबांच्या पायाखालची तेवढी एक पायरी राहिली होती, पत्र्यांच्याही वर, कशालाच न टेकलेली. ताईंनी नवा जबाब पहिल्या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला.

"बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"उत्रेश्वरराव," वरून आवाज आला. मला राव म्हणून साहेबांनी पहिल्यांदाच हाक मारली. "लेकराबाळांचा माणूस आहे मी. जरा विचार करा."

चौकशीचे अधिकारी माझ्याकडे बघत होते. मी डाव्या हातात पेन घेतलं. 'उ' काढला, वाकडाच आला. वरून सिमेंटची भुकटी कागदावर पडली. ताईंनी ती फुंकून उडवली आणि पुढचं अक्षर कुठे काढायचं तिथे बोट ठेवलं.