टॅन्सीची जागा

मुलांनो, डोळ्यांसमोर एक बोट आणा. बुटकी, चपटी, हिरवी, बास मासे पकडायला निघालेली. तिच्या मागच्या भिंतीवर जड मोटर लटकते आहे. आता भिंत आणि मोटर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक चौकट बसवा. हिला म्हणतात जॅक प्लेट. हिच्यामुळे मोटर मागे सरकते, वरखाली करता येते, आणि बोट जोरात पळते. पण मोटर जितकी मागे, तितकी बोटीची शेपटी जड. अलाबामातल्या तलावाकाठी राहणाऱ्या दहा वर्षांच्या टॅन्सीला हे पक्कं ठाऊक होतं.

तिला ते पॅपॉंनी, म्हणजे आजोबांनी, शिकवलं होतं. "प्लेट निवडायची तर बसणारी माणसं आधी बोटीत बसवायची," ते म्हणत. "गळ, बर्फाची पेटी, भरलेली टाकी, सगळं ठेवायचं. मग शेपूट किती बुडतंय ते बघायचं. बोट काय रिकामी जाते होय, पोरी?"

हिवाळ्यात पॅपॉ गेले. त्यांना पोचवून घरी आल्यावर डॅडी तिला म्हणाले होते, "मे महिन्यात दोघादोघांची मासे पकडायची स्पर्धा असते ना, तिच्यात पॅपॉंच्या जागी, पुढे, तू बसायचंस." त्या दिवसापासून टॅन्सी त्या एका सकाळची वाट बघत होती.

एप्रिलमध्ये डॅडी प्लेट घ्यायला निघाले. सोबत टॅन्सी आणि डॅडींचा मित्र डेल्बर्ट. तो इतका जाड, की दारातून तिरका होऊनच आत येई.

"बोटीत कोण कोण बसणार?" दुकानदारानं विचारलं.

"मी आणि ही."

"मग मोटर सहाच इंच मागे नेणारी घ्या. लहान बोट, हलकी पोर."

"सहा इंची?" डेल्बर्ट खदाखदा हसला. "रॉयस, त्यापेक्षा वल्ही घे की! बारा इंची घे, बटणावर चालणारी. सुटताना सगळ्यांना पाणी पाजशील."

"डॅडी, पॅपॉ म्हणायचे—"

"पॅपॉ कधी पहिले आले होते गं?" डॅडी म्हणाले आणि मोठं खोकं उचललं.

पुढच्या रविवारी चाचणी झाली. टॅन्सी पुढे बसली. डॅडींनी वेग दिला आणि बोटीनं नाक आभाळात खुपसलं. मग ते दाणकन पाण्यावर आपटलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. टॅन्सीचे दात वाजले. डॅडींनी बटणं दाबून मोटर वर घेतली, खाली घेतली. काही फरक पडेना.

"उतर जरा. डेल्बर्ट, तू बैस बरं."

डेल्बर्ट पुढे बसला. बोट सपाट झाली आणि बाणासारखी सुटली. काठावरून टॅन्सीला डॅडींच्या आरोळ्या ऐकू येत होत्या.

"बघितलंस? प्लेट चांगलीच आहे!" परत आल्यावर ते म्हणाले.

प्लेट बदलून मिळत होती. चार बोल्ट आणि एका दुपारचं काम. डॅडी तसं म्हणतील म्हणून टॅन्सी थांबली. डॅडींनी तिच्या डोक्यावरची टोपी खाली ओढली. "पुढच्या वर्षी हं, चिमणे. तोवर चार घास जास्त खा."

डेल्बर्ट हसला. डॅडीही हसले.

स्पर्धेच्या पहाटे तलावात बोटी सोडायच्या उतारावर रांग लागली होती. बोटीच्या मागच्या भिंतीत, तळाशी, पाणी काढायचं एक भोक असतं. पाण्यात उतरण्याआधी त्याला बूच लावावं लागतं, नाहीतर बोट भरून बुडते. ते काम कायम टॅन्सीचं. बूच तिच्या खिशात होतं. डेल्बर्ट पुढच्या खुर्चीवर बसून सॉसेज भरलेला पाव खात होता. डॅडी ट्रक चालवत बोटीचा चाकांचा ट्रेलर पाण्याकडे मागे घेत होते. बुचाचं कुणी विचारलं नाही.

चाकं पाण्याला टेकली. टॅन्सीनं बूच मुठीत घट्ट धरलं.

"थांबा!" ती ओरडली.

ट्रक थांबला. ती त्या नव्या प्लेटखाली गुडघ्यांवर बसली, बूच फिरवून घट्ट केलं आणि पॅपॉंसारखं एकदा हलवून बघितलं.

"शाब्बास, माझी गुणाची पोर!" डॅडी खिडकीतून म्हणाले.

ती उठून पुढच्या खुर्चीपाशी गेली. डेल्बर्टच्या खाली काहीतरी केशरी चेपलं गेलं होतं. ते तिचं जीवरक्षक जाकीट होतं. पॅपॉंनी त्याच्या पाठीवर रंगानं तिचं नाव लिहिलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "ते माझं आहे."

"अगं, तुला आज काय करायचंय? मला मऊ लागतंय."

"उठा."

तो उठला. टॅन्सीनं जाकीट झटकलं, अंगात घातलं, तिन्ही पट्टे आवळले, आणि पाण्याकडे पाठ करून उतार चढू लागली.