करंजाच्या तेलाचा खांब

"पोरी, वाळवी चोरासारखी खालनं येती. माती आन खांब जितं भेटत्यात, तितं करंजाचं तेल घालत जा."

मनुबाईचे सासरे भाऊसो जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा हा शब्द तिनं व्रतासारखा धरला होता. रोज अंघोळ झाली की ती ओढ्याकाठच्या म्हसोबाला करंजाच्या तेलाचा दिवा लावायची आणि पणतीत उरलेलं तेल म्हसोबापुढच्या मांडवाच्या एका खांबाशी ओतायची. तेल ते केवढं? एका खांबाला जेमतेम पुरायचं.

एका उन्हाळ्यात वावटळीनं तो मांडव पडला. हुसेन सुतार तेव्हा ओढ्यावरच्या नव्या साकवासाठी बाभळीचं लाकूड निवडत होता. जुना साकव वाळवीनं पोखरला होता. गेल्या पावसाळ्यात तो धोंडुबाईच्या पायाखालीच मोडला, तेव्हापासून तिच्या हातात काठी आली.

गलका ऐकून हुसेन आला. तीन खांबांचा नुसता भुगा झाला होता. चौथा जागचा हलला नव्हता. त्यानं बुडाशी वाकसाच्या पात्याचा घाव घातला तर खणकन आवाज आला. ढलपी निघाली, आत लाकूड तांबडंलाल.

मनुबाईही तिथं धावत आली होती. तिनं नकळत हात जोडले.

"जागृत खांब हाय," गावातले वडीलधारे आप्पासो म्हणाले. "साकवाच्या खांबास्नीबी म्हसोबाचा शेंदूर लावा. दुसरं काय नगं."

"मग त्या तिघांवर म्हसोबाचा काय राग व्हता?" धोंडुबाई पुटपुटली.

मनुबाईची नजर तिच्या काठीवर गेली. चारचौघांत ती कधी बोलली नव्हती.

"आवं आप्पासो, त्याला तेल हाय. दिव्यातलं. रोज घालत हुते मी."

"म्हंजी देव न्हाई म्हणतीस?"

"तसं कसं म्हनू? करंजाच्या येवढ्याशा बीत येवढं बळ घातलं कुणी?"

हुसेननं ढलपी नाकाला लावली. कडूसर वास अजून ताजा होता.

"वैनी, मी लाकडाचा वरचा पांढरा भाग काढून टाकीन, आतलं काळीज तेवढं ठेवीन. बुडं जाळून काळी करीन. पर पुढं तेल कोन घालणार?"

"मी."

"समद्या खांबास्नी? पणतीतलं पुरायचं न्हाई."

"घालीन की."

दुसऱ्या दिवशी दिवा लावून झाल्यावर मनुबाई घराकडे वळली नाही. पदर खोचून, पाटी काखेत घेऊन ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, करंजाच्या झाडांकडे निघाली. खाली वाळक्या शेंगांचा सडा पडला होता.